डोळा भरण्याचे दिवस

सॅन होजेच्या कोर्टात एकवीस वर्षं
मी दुसऱ्यांची वाक्यं टंकते.
मला मत नाही. बोटांना वेग आहे, बस्स.

या आठवड्यात खटला आहे
कचऱ्याच्या टोपलीचा.
खरी टोपली नव्हे, पडद्याच्या कोपऱ्यातली,
नखाएवढी, जिच्यात कागद टाकला
की ती किंचित फुगते.
ते फुगणं कोणाचं, असा प्रश्न आहे.

वकील थॉर्नबरी विचारतात,
तुमच्या खिडकीखालची सावली किती पिक्सेलची?
साक्षीदार डेलाइला क्विन्टेरो पाणी पिते.
चार.
आणि आमच्या अशिलाची?
पाच.
म्हणजे एक तेवढा कमी केलात?
नाही, आम्हाला ऊन वेगळं दिसलं.
मी कंसात लिहिते: (हशा).

दुपारी बाजू उलटते.
आता टोपलीवाल्यांवरच आळ:
तळाची पट्टी, तिच्यात ओळीनं बसलेली चित्रं,
बाण जवळ आला की मान वर करणारी,
ती म्हणे पलीकडून आली,
नोकरी सोडलेल्या कुण्या पोराच्या डोक्यात बसून,
रस्ता ओलांडून.
चोराच्या उलट्या बोंबा, असं कुणी म्हणालं नाही.
तेवढ्याच अर्थाचं सत्तावीस पानं बोलले.

संध्याकाळी बापाकडे जाते.
आन्सेल्मो बेटनकोर्ट, वय अठ्ठ्याऐंशी.
एके काळी चाळीस एकर जर्दाळू,
आता एक झाड आणि एक खुर्ची,
दोन्ही अंगांना काचेच्या इमारती.
डावीकडच्यांचा दिवा उजवीकडच्या काचेत दिसतो,
उजवीकडच्यांचा डावीकडे.
रात्री कोण जागं आहे ते बाप ओळखू शकत नाही.

झाडाच्या एकाच खोडावर तीन फळं.
उत्तरेला जर्दाळू, पूर्वेला प्लम,
आणि रस्त्याकडच्या फांदीला जे धरतं
त्याला तो नुसतं 'उएदाचं' म्हणतो.

उएदा कुंपणापलीकडचा.
पाटाच्या पाण्यावरून भांडण झालेलं,
माझ्या जन्माआधीपासून अबोला.
पण एका ऑगस्टात, डोळा भरण्याच्या दिवसांत,
माझा बाप रात्री कुंपण ओलांडून गेला
दातात चाकू, खिशात ओलं फडकं,
आणि एक काडी घेऊन आला.
सालीला टी आकाराची चीर,
चिरेत डोळा, वर गच्च पट्टी.
तिसऱ्या वर्षी फळ आलं.
त्याच वर्षी उएदाच्या झाडाला
आमचा प्लम.

कुणी कुणाला काही विचारलं नाही.
उएदा वारला तेव्हा बाप करंडी घेऊन गेला.
त्याच्या बायकोनं एक फळ चाखलं.
कुठली जात ही?
तुमचीच.
आमची जरा लहान असायची, ती म्हणाली,
आणि दुसरं उचललं.

कायद्याची कलमं मला आकड्यांनिशी पाठ आहेत.
झाडाचं कलम एकदाही बांधता आलं नाही.
एकाच शब्दाच्या घरात दोघं राहतात,
भाडं कोण देतं, माहीत नाही.

आज विचारलंच:
त्यानं काडी मागितली असती तर दिली असतीस?
छे!
मग थोड्या वेळानं, बी थुंकून:
कुंपण बुटकं ठेवलं होतं ना.

घरी आले. यंत्रानं माझ्या मागे नवी आवृत्ती घेतलेली.
खिडकी बंद करायचं बटण
उजवीकडून उठून डावीकडे जाऊन बसलंय,
शेजारच्या कंपनीत असतं तसंच, हुबेहूब.
उद्या साडेनऊला सुनावणी.
माझं बोट अजून जुन्या कोपऱ्यात जातं,
तिथल्या मोकळ्या जागेवर
दोनदा दाबतं.